हेर, खबऱ्या आणि फितूर : आयर्लंडच्या संघर्षातील गुप्तहेरकथा

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलावर ज्या पुस्तकांची शिवण सर्वांत आधी उसवते, त्यांचा उल्लेख वाङ्मयाच्या इतिहासात सहसा आढळत नाही. हेरकथा हा अशांपैकीच एक प्रकार. रात्री जेवणानंतर हाती घ्यावी, दिवा मालवण्यापूर्वी संपवावी आणि दुसऱ्या दिवशी बदलून आणावी, एवढीच तिची योग्यता, असे वाचक व समीक्षक दोघेही धरून चालतात. परंतु एखाद्या देशाचा इतिहास या उपेक्षित प्रकारात असा काही गुंतून बसलेला असतो की, तो वगळून त्या देशाचे वाङ्मय समजणे अवघड व्हावे. आयर्लंड हा असा देश आहे.

शत्रूच्या गोटात शिरून बातमी काढणाऱ्यास मराठीत हेर म्हणतात. बहिर्जी नाईकांचे नाव घेताना कोणाच्याही मनात किंतु येत नाही. तेच काम पैशासाठी, सरकारच्या पदरी राहून करणारा तो खबऱ्या. आणि आपल्यातला असून शत्रूला मिळालेला तो फितूर. काम एकच, शब्द मात्र तीन, आणि कोणता वापरावयाचा हे बोलणारा कोठे उभा आहे त्यावर ठरते. इंग्रजी हेरकादंबरीने पहिला शब्द उचलला. आयरिश माणसाच्या कानात शेकडो वर्षे घुमत राहिला तो तिसरा. आयर्लंडवर लिहिल्या गेलेल्या हेरकथांचा सारा ताण या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे.

तेथील तेढ केवळ राजकीय नव्हती. १६०९ पासून उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात कॅथलिकांच्या जमिनी काढून घेऊन स्कॉटलंड व इंग्लंडमधील प्रॉटेस्टंट कुटुंबे वसविण्यात आली. १६९० मध्ये बॉइन नदीच्या काठी प्रॉटेस्टंट राजा विल्यमने पदच्युत कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला. त्या विजयाच्या मिरवणुका दर वर्षी १२ जुलैला उत्तर आयर्लंडमध्ये अजूनही निघतात. त्यानंतरच्या दडपशाहीच्या कायद्यांनी कॅथलिकांना जमीनखरेदीपासून संसदेपर्यंत बहुतेक दारे बंद केली. साहजिकच कोण कोणत्या प्रार्थनामंदिरात जातो, यावरून तो कोणाच्या बाजूचा हे ओळखण्याची सवय समाजाला जडली. ही सवय मोडू पाहणारेही निघाले. १७९८ च्या उठावामागील ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेचे वुल्फ टोनसारखे पुढारी स्वतः प्रॉटेस्टंट होते आणि सर्व पंथांच्या आयरिश लोकांना एकत्र आणणे हे त्यांचे ध्येय होते. त्या संघटनेला आतून वाळवी लागली ती खबऱ्यांची.

यांपैकी लेनर्ड मॅकनॅली याची कथा कोणत्याही कादंबरीकाराला सुचली नसती. हा डब्लिनमधील नामांकित वकील, नाटककार आणि एका लोकप्रिय प्रेमगीताचा कर्ता. पकडलेल्या क्रांतिकारकांची वकीलपत्रे तो घेई, न्यायालयात त्यांच्यासाठी आवेशाने भांडे, आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी सरकारला कळवी. १८०३ मध्ये रॉबर्ट एमेटवर खटला झाला तेव्हाही बचावाच्या बाकावर मॅकनॅली होता. एमेट फाशी गेला. मॅकनॅली १८२० मध्ये, देशभक्त म्हणून नाव राखून, वारला. त्यानंतर त्याच्या वारसाने वार्षिक तीनशे पौंडांचे गुप्त निवृत्तिवेतन पुढे चालू ठेवण्याची मागणी केली, आणि त्या अर्जाने सारे बिंग फुटले. एका हिशेबाच्या कागदाने उघडकीस आलेली ही फितुरी आयरिश मनात इतकी खोल रुतली की, पुढे प्रत्येक चळवळ आपल्यातला मॅकनॅली कोण, या शंकेनेच सुरू होऊ लागली.

१८८२ च्या मे महिन्यात डब्लिनच्या फिनिक्स उद्यानात लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश व टॉमस बर्क या दोन बड्या अधिकाऱ्यांचा खून झाला. कटातील जेम्स कॅरी हा शहराचा नगरसेवक. तो माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या जबानीवर पाच जण फासावर गेले. सरकारने त्याला नाव बदलून दक्षिण आफ्रिकेकडे रवाना केले. परंतु २९ जुलै १८८३ रोजी बोटीवरच एका आयरिश सहप्रवाशाने त्याला गोळ्या घातल्या. मराठी वाचकाला येथे पुण्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. २२ जून १८९७ ला रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, द्रविड बंधूंनी चापेकरांविरुद्ध माहिती दिली आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी त्या बंधूंना ठार केले. दोन्ही ठिकाणी सूड घेणारेही फाशी गेले. परकी सत्ता, दोन अधिकारी, बक्षीस किंवा माफी, आणि मग फितुराचा शोध, हा क्रम दोन्ही देशांत इतका सारखा आहे की, आयर्लंडच्या हेरकथा मराठी माणसाला परक्या का वाटत नाहीत याचे वेगळे स्पष्टीकरण नको. फेनियन बाँबस्फोटांना तोंड देण्यासाठी लंडनच्या पोलिसांनी १८८३ मध्ये ‘स्पेशल आयरिश ब्रँच’ काढली. त्यातील ‘आयरिश’ शब्द पुढे गळाला आणि उरलेले नाव हिंदुस्थानच्या पोलीस खात्यापर्यंत येऊन पोहोचले.

इंग्रजी हेरकादंबरीचा जन्म याच पार्श्वभूमीवर झाला. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किपलिंगच्या ‘किम’चा नायक लाहोरच्या रस्त्यावर वाढलेला असला, तरी तो एका आयरिश सैनिकाचा पोरका मुलगा आहे. त्याच्या गळ्यातील ताइतात बापाचे कागद सापडतात, तेव्हा पलटणीचे दोन पाद्री, एक अँग्लिकन व एक कॅथलिक, हा मुलगा कोणाचा यावर हुज्जत घालतात. अल्स्टरची सारी तेढ किपलिंगने अंबाल्याजवळच्या एका तंबूत आणून ठेवली आहे आणि तिच्याकडे तो मिस्किलपणे पाहतो. किम पुढे साम्राज्याचा हेर होतो. आयरिश पोर इंग्रजांसाठी हेरगिरी करते, यात किपलिंगला काहीच विपरीत वाटले नाही.

दोनच वर्षांनी, १९०३ मध्ये, अर्स्किन चिल्डर्स यांची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ आली. दोन इंग्रज तरुण एका लहानशा शिडाच्या नौकेतून जर्मनीच्या किनाऱ्यालगतची उथळ खाडी धुंडाळतात आणि इंग्लंडवरील स्वारीची गुप्त तयारी उघडकीस आणतात, असे तिचे कथानक. भरती-ओहोटीची कोष्टके, वाळूचे दांडे, नकाशे यांनी भरलेली ही कादंबरी आजही वाचली जाते आणि आधुनिक हेरकादंबरीची सुरुवात तिच्यापासून मानतात. तिच्या लेखकाचे आयुष्य मात्र तिच्याहून विलक्षण ठरले.

चिल्डर्स १८७० मध्ये लंडनला जन्मले. पाली भाषेचा कोश रचणारे रॉबर्ट सीझर चिल्डर्स हे त्यांचे वडील. बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकांना ते नाव परिचित आहे. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्याने ते विकलो परगण्यातील अ‍ॅनामो येथे, बार्टन या नातलगांच्या घरी वाढले. प्रॉटेस्टंट, इंग्रज रीतीचे शिक्षण, हाउस ऑफ कॉमन्समध्ये कारकुनी, बोअर युद्धात साम्राज्याच्या बाजूने सैनिकी असा त्यांचा पूर्वार्ध. मग मन पालटू लागले. एप्रिल १९१४ मध्ये आयरिश स्वराज्याला विरोध करणाऱ्या अल्स्टरच्या प्रॉटेस्टंट स्वयंसेवकांनी हजारो बंदुका चोरून उतरविल्या. त्याला उत्तर म्हणून २६ जुलै १९१४ रोजी चिल्डर्स यांनी आपल्या ‘अ‍ॅसगार्ड’ नौकेतून सुमारे नऊशे जर्मन बनावटीच्या बंदुका डब्लिनजवळ हाउथ बंदरात भरदिवसा आणून दिल्या. कादंबरीतले नौकाविद्येचे ज्ञान त्यांनी प्रत्यक्षात वापरले, तेही उलट दिशेने. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत महायुद्ध पेटले आणि जर्मन किनाऱ्याचा जाणकार म्हणून ब्रिटिश आरमाराने त्यांनाच बोलावून घेतले. त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी ते कक्सहाफेनवरील हवाई हल्ल्यात सामील होते.

हाउथला उतरलेल्या त्या बंदुका १९१६ च्या ईस्टर उठावात वापरल्या गेल्या. २४ एप्रिलला डब्लिनमध्ये उठाव झाला, २९ ला क्रांतिकारकांनी शस्त्रे खाली ठेवली. आणि याच आठवड्यात, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. लीगचे नाव आयर्लंडकडून घेतलेले, अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, आणि चिटणीस न. चिं. केळकर, ज्यांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला. बेळगावच्या मंडपात सनदशीर स्वराज्याचा आयरिश शब्द उच्चारला जात असताना त्या शब्दाच्या जन्मभूमीत तो मागे पडून तोफा धडधडत होत्या. इतिहासात असे योग येतात; त्यांतून फार काही सिद्ध करू जाऊ नये.

युद्धानंतर चिल्डर्स पूर्णपणे आयरिश प्रजासत्ताकाचे झाले. १९२१ च्या तहाच्या वाटाघाटींत ते आयरिश शिष्टमंडळाचे चिटणीस होते. तह झाल्यावर त्यांनी त्याला कडवा विरोध केला. आता त्यांना कोणीच आपले मानीना. इंग्रजांच्या लेखी ते देशद्रोही, आणि तहाचा पुरस्कार करणारे आर्थर ग्रिफिथ भर सभागृहात त्यांना इंग्रज म्हणून हिणवीत होते. ते इंग्रजांचेच हेर असल्याची कुजबुजही झाली. यादवी युद्धात १० नोव्हेंबर १९२२ रोजी अ‍ॅनामोच्या त्याच बालपणीच्या घरी ते पकडले गेले. जवळ एक लहान पिस्तूल सापडले. ते त्यांना पूर्वी मायकेल कॉलिन्स यांनी भेट दिले होते. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल लष्करी न्यायालयाने मृत्युदंड ठोठावला आणि अपील प्रलंबित असतानाच, २४ नोव्हेंबरला, डब्लिनच्या बेगर्स बुश बराकीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याआधी त्यांनी गोळ्या झाडणाऱ्या प्रत्येक शिपायाशी हस्तांदोलन केले. सोळा वर्षांच्या मुलाकडून, आपल्या मृत्युदंडावर सही करणाऱ्यांशी हात मिळवण्याचे वचन घेतले. तो मुलगा १९७३ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला, कॅथलिक बहुसंख्य देशाचा प्रॉटेस्टंट राष्ट्राध्यक्ष. ‘अ‍ॅसगार्ड’ नौका डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेली आहे. ते संग्रहालय ज्या जुन्या बराकीत आहे, तिचे नाव कॉलिन्स बराक.

चिल्डर्सच्या शेजारी आर्थर कॉनन डॉइल यांना बसवून पाहावे. आयरिश कॅथलिक घराण्यातील, जेझुइटांच्या शाळेत शिकलेले हे लेखक साम्राज्याचे निष्ठावान होते. ‘हिज लास्ट बो’ या १९१७ च्या कथेत वृद्ध शेरलॉक होम्स जर्मन हेराला पकडण्यासाठी दोन वर्षे आयरिश-अमेरिकन बंडखोराचे सोंग घेतो. शिकागोपासून सुरुवात करून तो बफेलोच्या एका आयरिश गुप्त संघटनेत शिरतो आणि आयर्लंडमधील पोलिसांनाही सतावतो, इतके ते सोंग बेमालूम. सोंगातले नाव ‘आल्टमाँट’, आणि हे डॉइलच्या वडिलांचे मधले नाव! आयरिश बापाचे नाव घेऊन इंग्रजांची हेरगिरी करणाऱ्या होम्सकडे मराठी वाचकांनी, होम्स घराघरांत पोहोचला असूनही, या नजरेने फारसे पाहिलेले नाही. ही कथा येण्याच्या आदल्याच वर्षी, जर्मनीची मदत आणू पाहणारे रॉजर केसमेंट यांना देशद्रोहाबद्दल फाशीची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या प्राणांसाठी अर्ज फिरविणारेही डॉइलच होते. ३ ऑगस्ट १९१६ ला केसमेंट फाशी गेले.

फितूर माणूस आतून कसा असतो, हे पहिल्यांदा सांगितले ते लियम ओफ्लॅहर्टी यांनी. अ‍ॅरन बेटांवर जन्मलेल्या या लेखकाची ‘द इन्फॉर्मर’ १९२५ ची. जिपो नोलन हा धिप्पाड, मंदबुद्धी, कफल्लक माणूस एका रात्रीच्या निवाऱ्यासाठी जिवलग मित्राची बातमी पोलिसांना देतो. मोल वीस पौंड. मग एका रात्रीत तो ते पैसे दारूत, मेजवानीत, अनोळखी लोकांवर उधळून टाकतो, आणि शेवटी चर्चमध्ये, मृत मित्राच्या आईकडे क्षमा मागून, प्राण सोडतो. येथे धर्म हा पंथाचा बिल्ला राहत नाही. जिपोला तोंड लपवायला उरलेली ती अखेरची जागा आहे. जॉन फोर्ड यांच्या १९३५ च्या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिके मिळाली. पण कादंबरीतली क्रांतिकारी संघटना साम्यवादी वळणाची आहे, तो भाग चित्रपटात राहिला नाही. एफ. एल. ग्रीन यांची ‘ऑड मॅन आउट’ (१९४५) बेलफास्टमध्ये घडते. कॅरल रीड यांच्या १९४७ च्या चित्रपटामुळे ती लक्षात राहिली. एरवी ती आज कोणी वाचत नाही.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्य उतरले आणि तीन दशकांचे रक्तरंजित पर्व सुरू झाले. १९९८ च्या करारापर्यंत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. या काळात प्रत्यक्ष घटनाच हेरकथेसारख्या घडत होत्या. १९७२ मध्ये बेलफास्टच्या कॅथलिक वस्त्यांत ‘फोर स्क्वेअर लाँड्री’ नावाची धुलाईची गाडी फिरत असे. दर वाजवी, कपडे वेळेवर मिळत. ही धुलाई चालवीत होते ब्रिटिश लष्कराचे गुप्त पथक. आलेल्या कपड्यांवर दारूगोळ्याचे अंश आहेत काय, याची तपासणी होई. ज्या घरात एकच पुरुष राहतो तेथून दुसऱ्या मापाचा सदरा आला तर त्याची नोंद होई. दोन्हीकडून दाबले गेलेल्या दोघा तरुणांकडून आयआरएला हे कळले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी गाडीवर हल्ला होऊन चालक ठार झाला. ते दोन तरुण नाहीसे झाले. त्यांचे अवशेष दलदलीच्या जमिनीत सापडले ते २०१५ मध्ये.

अशा भूमीवर पुस्तकांचे पीक न येते तरच नवल. जेरल्ड सेमूर हे दूरचित्रवाणीचे वार्ताहर. त्यांच्या ‘हॅरीज गेम’मध्ये (१९७५) लंडनला एका मंत्र्याचा खून होतो आणि मारेकऱ्याच्या शोधात हॅरी ब्राउन हा अधिकारी वेष पालटून बेलफास्टमध्ये राहायला जातो. मारेकऱ्यालाही बायको-मुले आहेत, भीती आहे, थकवा आहे, हे सेमूर विसरत नाहीत. दोघेही मरतात आणि शहर जेथे होते तेथेच राहते. त्याच वर्षी आलेल्या जॅक हिगिन्सच्या ‘द ईगल हॅज लँडेड’ने मात्र खपाचे विक्रम मोडले. हिगिन्स यांचे बालपण काही काळ बेलफास्टच्या शँकिल भागात गेले होते. काव्य आवडणारा, हसतमुख, आयआरएचा असूनही मनाने उमदा असा त्यांचा लियम डेव्हलिन जगभर लाडका झाला. कादंबरी रंजक आहे यात शंका नाही. परंतु डेव्हलिनला आयर्लंडचा माणूस मानणे म्हणजे तमाशातल्या राजाकडे महसुलाचा हिशेब मागण्यासारखे आहे. हिगिन्स यांचीच ‘अ प्रेअर फॉर द डाइंग’ (१९७३) अधिक गंभीर आहे. खुनाचा साक्षीदार असलेल्या कॅथलिक पाद्र्याकडे मारेकरी पापनिवेदन करतो आणि त्या गुप्ततेच्या शपथेने त्याचे तोंड बंद करतो. धर्मविधीचा असा शस्त्रासारखा उपयोग इतर हेरकथांत क्वचित आढळतो.

या पुस्तकांचा सर्वांत चिकित्सक वाचक कोण, याचे उत्तर अनपेक्षित आहे. १२ ऑक्टोबर १९८४ रोजी ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना ठार मारण्यासाठी स्फोट घडविण्यात आला. थॅचर बचावल्या, पाच जण मरण पावले. बाँब ठेवणारा पॅट्रिक मगी जन्मठेपेवर गेला. तुरुंगात त्याने आयर्लंडच्या संघर्षावरील कादंबऱ्यांचा ढीग वाचून काढला आणि त्यांतील आयरिश बंडखोरांच्या चित्रणावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. १९९९ मध्ये, शांतता करारान्वये, तो सुटला; २००१ मध्ये प्रबंधाचे पुस्तक झाले. त्याचा आक्षेप असा की, या कादंबऱ्यांतला बंडखोर राजकारणाचा माणूस नसतोच. तो गुंड किंवा माथेफिरू असतो. आक्षेपात तथ्य आहे. त्या हॉटेलात मेलेल्यांच्या आप्तांना तो कसा वाटेल, हा प्रश्नही त्या पुस्तकाबरोबर येतो आणि त्याचे उत्तर त्यात मिळत नाही.

बेलफास्टमध्येच जन्मलेल्या लेखकांना हे बाहेरचे चित्र पुरेसे नव्हते. ब्रायन मूर यांच्या ‘लाइज ऑफ सायलेन्स’मध्ये (१९९०) हॉटेलचा व्यवस्थापक मायकेल डिलन याच्या घरात रात्री बंदूकधारी घुसतात. बायको ओलीस, आणि त्याने आपल्याच मोटारीतून बाँब आपल्याच हॉटेलात नेऊन ठेवायचा. तेथे एका प्रक्षोभक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाची सभा आहे. तो पोलिसांना कळवितो, लोक वाचतात. त्यानंतरच खरी कादंबरी सुरू होते. त्याने एका हल्लेखोराचा चेहरा पाहिला आहे. साक्ष द्यावी तर तो फितूर, न द्यावी तर भेकड. शेवटी मारेकरी लंडनमध्ये त्याच्या दारी येतात. हेरगिरीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला त्या समाजाने हेराच्या जागी कसे नेऊन उभे केले, हे या छोट्या पुस्तकाइतके स्पष्टपणे कोणी सांगितलेले नाही.

करारानंतर कागदपत्रे बाहेर येऊ लागली आणि कादंबऱ्या फिक्या पडल्या. शिन फेन पक्षाचे जुने कार्यकर्ते डेनिस डोनल्डसन यांनी डिसेंबर २००५ मध्ये आपण वीस वर्षे ब्रिटिशांचे खबरे असल्याचे कबूल केले. डोनेगॉलमधील एका जुन्या, विजेचीही सोय नसलेल्या घरात ते जाऊन राहिले. एप्रिल २००६ मध्ये तेथेच त्यांचा खून झाला. फ्रेडी स्कॅपाटिची यांचे प्रकरण याहून भयंकर. आयआरएमधील फितुरांना शोधून काढण्याचे काम ज्या विभागाकडे होते, त्यातला हा प्रमुख माणूस स्वतःच ब्रिटिश लष्कराचा हेर असल्याचे २००३ मध्ये वृत्तपत्रांनी जाहीर केले. त्याने ते अखेरपर्यंत नाकारले. तो २०२३ मध्ये वारला. मार्च २०२४ च्या चौकशी अहवालाने, ‘स्टेकनाइफ’ या सांकेतिक नावाच्या त्या हेरामुळे वाचलेल्या जिवांपेक्षा गेलेले जीव बहुधा अधिक असावेत, असा निष्कर्ष काढला. आपला हेर सुरक्षित राहावा म्हणून इतरांना मरू देणे, हा हिशेब किपलिंग किंवा चिल्डर्स यांच्या पुस्तकांत नव्हता.

नव्या पिढीचे लेखक या उघड झालेल्या इतिहासावर लिहितात. स्टुअर्ट नेव्हिल यांच्या ‘द ट्वेल्व्ह’मध्ये (२००९) निवृत्त मारेकऱ्याच्या मागे त्याने मारलेल्या बारा जणांची भुते फिरतात. एड्रियन मॅकिन्टी यांचा शॉन डफी हा प्रॉटेस्टंटबहुल पोलीस दलातला कॅथलिक अधिकारी रोज सकाळी मोटारीखाली वाकून बाँब नाही ना, हे पाहतो आणि मगच किल्ली फिरवतो.

आणि अ‍ॅना बर्न्स यांची ‘मिल्कमन’, २०१८ चे बुकर पारितोषिक मिळालेली. ती हेरकथा म्हणून लिहिलेली नाही. शहराला नाव नाही, माणसांना नावे नाहीत. झुडपाआडून सरकारी कॅमेऱ्याची कळ दाबल्याचा आवाज तेवढा येतो. तिची अठरा वर्षांची नायिका रस्त्याने चालता चालता एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या वाचते. तिच्या वस्तीत स्फोटके घेऊन फिरणाऱ्याकडे लोक काणाडोळा करतात. पण पुस्तकात डोके घालून चालणारी ही मुलगी सर्वांना संशयास्पद वाटते. तिच्या मैत्रिणीने तसे तिला बजावलेही आहे. ती ऐकत नाही. ‘आयव्हॅन्हो’ काखेला मारून ती पुन्हा रस्त्याला लागते.